तुम्ही कोणत्या चर्चचे?

१. प्रश्न

“ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती. मग हे कॅथलिक, ते प्रोटेस्टंट, पलीकडचे मेथॉडिस्ट, ही काय भानगड आहे?” चंद्रपूर, बल्लारपूर किंवा नागपुरात ज्यांच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहते, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. विचारायला संकोच वाटतो. धीर करून विचारलेच, तर शेजारी बहुधा एवढेच सांगतो, “आजोबांपासून आम्ही याच चर्चला जातो.” उत्तर टाळल्यासारखे वाटते खरे, पण माझ्या मते या प्रश्नाचे तेच सर्वांत खरे उत्तर आहे. ते खरे का, हे उलगडायला मात्र थोडी वाट वाकडी करावी लागते.

आधी एका आकड्याचा निकाल लावू. जगात तेहेतीस हजारांवर ख्रिस्ती पंथ आहेत, असे भाषणांत आणि चर्चांत ठोकून दिले जाते. हा आकडा २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ख्रिस्ती विश्वकोशातला आहे. तिथे मोजणी देशवार केली होती. म्हणजे एकाच पोपला मानणारे कॅथलिक दोनशेहून अधिक देशांत असतील, तर ते दोनशेहून अधिक वेळा मोजले गेले. प्रत्यक्षात जगातले जवळपास निम्मे ख्रिस्ती एकट्या कॅथलिक चर्चमध्ये आहेत. उरलेल्यांचा मोठा भाग पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चे, अँग्लिकन, लुथरन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट आणि पेंटेकोस्टल अशा हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या कुळांत बसतो. पंथ पुष्कळ आहेत यात वाद नाही. पण फुटण्याची कारणे चार-पाचच आहेत, आणि ती समजली की बाकीची गुंतागुंत बरीच सुटते.

२. धानोऱ्यात उभे राहून

धानोरा हे गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पश्चिमेला गडचिरोली, पूर्वेला मुरूमगाववरून छत्तीसगडची हद्द, आणि भोवताली जंगल. इथल्या बहुसंख्य गोंड कुटुंबांचे देव त्यांच्या पेनठाण्यात आहेत. ख्रिस्ती पंथांचा विचार करायला हीच जागा का, असे कोणी विचारील. कारण इथून चारी दिशांना पाहिले, तर ख्रिस्ती इतिहासातली जवळजवळ प्रत्येक मोठी फाटाफूट कुठे ना कुठे येऊन टेकलेली दिसते.

वायव्येला नागपूर. तिथे १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. पश्चिमेला चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा. तिथले मिशनही स्कॉटलंडचेच, पण ते स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे. हिस्लॉपच्या चर्चशी त्याचा संबंध नव्हता. दक्षिणेला प्राणहितेच्या काठी सिरोंचा. तिथे अमेरिकन मेथॉडिस्ट. पूर्वेला हद्दीपलीकडे धमतरी. तिथे १८९९ मध्ये दुष्काळाच्या धामधुमीत अमेरिकन मेनोनाइट पोचले. आणि १९६२ साली बल्लारपूर केंद्र धरून केरळचे सिरो-मलबार कॅथलिक आले; त्यांचा चांदा धर्मप्रांत आज चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे तीन जिल्हे सांभाळतो.

पाच ठिकाणे, पाच पंथ. यांतला एकही पंथ इथे जन्मला नाही. प्रत्येकाचे भांडण दूर कुठेतरी, फार पूर्वी झाले, आणि भांडणाचे कारण बरेचदा विसरले गेल्यावर पंथ तेवढा इथवर आला.

३. येशू कोण?

पहिली मोठी फूट या प्रश्नावर पडली. सुरुवातीचे ख्रिस्ती ज्यू होते, आणि ज्यू धर्माचा कणा म्हणजे देव एकच. हे लोक येशूचीही प्रार्थना करू लागले. मग देव एक की दोन? चौथ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे धर्मगुरू अरियस म्हणाले, पुत्र थोर आहे, सर्व सृष्टीच्या आधीचा आहे, तरी तो पित्याने निर्मिलेला आहे. विरोधक म्हणाले, निर्मिलेला असेल तर त्याची भक्ती ही मूर्तिपूजाच ठरेल. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे.

इ. स. ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानातल्या निकेया इथे सुमारे तीनशे बिशपांची परिषद बोलावली. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावात ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलते, पुन्हा बसते, पुन्हा बोलते. निकेयात सम्राटाला तेवढा धीर नव्हता. त्याला साम्राज्य एक ठेवायचे होते आणि त्यासाठी उत्तर तेव्हाच्या तेव्हा हवे होते. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असा मजकूर ठरला. अखेरपर्यंत सही नाकारणारे दोन बिशप आणि स्वतः अरियस हद्दपार झाले. चर्चच्या पुढच्या इतिहासातल्या कितीतरी फाटाफुटी याच पद्धतीने झाल्या: मतभेद खरा, पण तो घाईने मिटवण्यात सत्तेला रस.

निकेयाने एक प्रश्न मिटवला आणि दुसरा उभा राहिला. येशू देवही आहे आणि माणूसही, तर ही दोन्ही एकाच व्यक्तीत कशी नांदतात? मरियेला ‘देवाची माता’ म्हणावे का, या वादातून ४३१ मध्ये एफेसस परिषदेने कॉन्स्टंटिनोपलचे प्रमुख नेस्टोरियस यांना दोषी ठरवले. ४५१ मध्ये खाल्सेदोन परिषदेने आणखी एक सूत्र दिले, त्यावरून पुढे इजिप्तचे कॉप्ट, आर्मेनियन आणि सिरियातले बरेच जण वेगळे झाले. हे वाद केवळ शब्दांचे होते म्हणून हसणे सोपे आहे. पण इराणमधल्या ख्रिस्त्यांची अडचण पाहा. ते पर्शियन बादशहाच्या राज्यात राहत होते आणि रोमन सम्राट हा त्या बादशहाचा हाडवैरी. सम्राटाच्या परिषदेला मान तुकवली, तर घरच्या राज्यात फितूर ठरण्याची भीती. त्यांनी स्वतंत्र राहणे पसंत केले. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि त्या पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, की ख्रिस्ताविषयी दोघांचा विश्वास एकच आहे. एफेससनंतर मध्ये १,५६३ वर्षे गेली होती.

४. इराण, केरळ, बल्लारपूर

हे इराणचे लोक बल्लारपुरात कसे पोचले? व्यापाराच्या वाटेने. केरळच्या जुन्या ख्रिस्ती समाजाची परंपरा सांगते, की येशूचा शिष्य संत थॉमस इ. स. ५२ मध्ये त्यांच्या किनाऱ्यावर उतरला. पुढच्या शतकांत या समाजाला बिशप मिळत ते इराण-इराककडून, आणि उपासनेची भाषा होती सिरियाक. अनेक शतके त्यांचा रोमशी रोजचा संबंध नव्हता, भांडणही नव्हते.

मग पोर्तुगीज आले. पोपला न ओळखणारे आणि सिरियाकमध्ये उपासना करणारे ख्रिस्ती पाहून ते चक्रावले. १५९९ मध्ये उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवून गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी त्यांच्या ग्रंथांची झडती घेतली आणि रोमन वळण लादले. चोपन्न वर्षे धुसफुस चालली. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीच्या चर्चपुढे जमलेल्या लोकांनी क्रुसाला दोर बांधला, तो हातात धरला आणि जेझुइट धर्मगुरूंचे ऐकणार नाही अशी शपथ घेतली. तिथून या समाजाच्या वाटण्या सुरू झाल्या. काही पोपकडे परतले, काही सिरियातल्या दुसऱ्या चर्चशी जोडले गेले, आणि त्यांतूनही आणखी शाखा फुटल्या. या भांडणात येशू कोण हा मुद्दाच नव्हता. आपला बिशप कोण ठरवणार, हा होता.

पोपकडे परतलेल्यांचे चर्च म्हणजे आजचे सिरो-मलबार. १९२३ मध्ये त्यांची स्वतःची बिशपांची व्यवस्था उभी राहिली, पण ती केरळापुरती. केरळाबाहेर पाऊल टाकले की तिथल्या लॅटिन पद्धतीच्या बिशपाच्या हाताखाली जायचे. धर्मगुरू मात्र केरळात मुबलक. १९६२ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी नागपूरच्या लॅटिन धर्मप्रांतातून चांदा वेगळे काढून सिरो-मलबार चर्चच्या सीएमआय या धर्मगुरूंच्या संघाकडे सोपवले. केरळाबाहेर या चर्चला स्वतःचा म्हणून मिळालेला हा पहिला मुलूख. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

म्हणून नागपूरचा कॅथलिक आणि बल्लारपूरचा कॅथलिक, दोघेही पोपला मानतात, एकमेकांच्या चर्चमध्ये पवित्र भाकर घेऊ शकतात, तरी उपासनेचा आराखडा निराळा. नागपुरात रोमची मिस्सा, बल्लारपुरात पूर्व सिरियाक परंपरेतला कुर्बाना. पंथ एक असूनही पद्धती वेगळ्या असू शकतात, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

५. अखेरचा शब्द कोणाचा?

हा भाग झरझर उरकू, कारण शाळेच्या इतिहासात तो थोडाफार येऊन गेलेला असतो. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टंटिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केले. पश्चिमेने जुन्या विश्वासाच्या कबुलीत एक शब्द परस्पर घातला, ही पूर्वेची तक्रार. पोपचा अधिकार सर्वांवर चालतो की फक्त त्याच्या प्रदेशात, हे खरे दुखणे. बहिष्कार १९६५ मध्ये दोन्ही बाजूंनी मागे घेतले. चर्चे वेगळीच राहिली.

१५१७ मध्ये जर्मनीतला मार्टिन ल्यूथर पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीवर तुटून पडला. पोप चुकू शकतो, परिषदही चुकू शकते, अखेरचा शब्द पवित्र शास्त्राचा, अशी त्याची भूमिका झाली. पण शास्त्राचा अर्थ कोण सांगणार? इथे प्रोटेस्टंट पंथांच्या बहुसंख्येचे रहस्य आहे. पोपच्या जागी ग्रंथ बसवला, पण ग्रंथ स्वतः उठून ‘माझा अर्थ असा’ म्हणत नाही. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि झुरिखचे झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले. पंधरावा होता प्रभुभोजनाच्या भाकरीचा. ल्यूथर म्हणे, भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर आहे. झ्विंग्ली म्हणे, ती आठवण आहे. तेवढ्यावर दोन वाटा झाल्या.

इंग्लंडची गोष्ट आणखी निराळी. तिथे १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने स्वतःला चर्चचा प्रमुख जाहीर केले, ते आधी लग्नाच्या आणि वारसाच्या पेचामुळे. धर्मशास्त्र नंतर आले.

६. पाळक कोण नेमणार? स्कॉटलंडहून आलेली दोन मिशने

नागपूर आणि चंद्रपूर. दोन्हीकडे स्कॉटलंडचे मिशन, दोन्हीकडे प्रोटेस्टंट, आणि मधले अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तरी दोन वेगळी चर्चे का? यासाठी एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागते. गावातल्या मंडळीवर पाळक नेमण्याचा अधिकार कोणाचा, याची तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर: बिशपाचा. बिशप पाळकाला दीक्षा देतो, त्या बिशपाला आधीच्या बिशपाने दिलेली असते, आणि ही साखळी येशूच्या शिष्यांपर्यंत मागे जाते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन असे मानतात. एपिस्कोपल चर्च म्हणजे बिशप असलेले चर्च. दुसरे उत्तर: मंडळीच्या वडिलांचा. प्रत्येक मंडळी वडील निवडते, पाळक आणि वडील मिळून त्या भागाचे मंडळ बनवतात, आणि बिशप कोणीच नसतो. हे प्रेस्बिटेरियन. तिसरे: ज्या त्या मंडळीचा. वरचे कोणी नाही. हे काँग्रिगेशनल आणि बाप्टिस्ट.

स्कॉटलंडने १५६० मध्ये पोपला सोडले, पण बिशप ठेवायचे की वडीलमंडळ, यावर सव्वाशे वर्षे ओढाताण चालली. राजांना बिशप हवे असत, कारण बिशप राजाच्या मर्जीत राहतात. १६८८ मध्ये राजा जेम्स पळाला आणि विल्यम गादीवर आला. स्कॉटलंडच्या बिशपांनी जुन्या राजाला दिलेली शपथ मोडून नव्याला शपथ द्यायला नकार दिला. १६९० मध्ये विल्यमने त्या देशाचे अधिकृत चर्च प्रेस्बिटेरियन करून टाकले. बिशपांना धरून राहिलेली माणसे अल्पसंख्य झाली. त्यांच्यावर पुढे कडक निर्बंध आले. तेच अँग्लिकन कुळातले स्कॉटिश एपिस्कोपल चर्च. ज्या चर्चने एकोणिसाव्या शतकात चांद्याला मिशन चालवले, त्याचा जन्म असा एका राजाच्या शपथेवरून झालेला.

हिस्लॉपचे फ्री चर्च ही नंतरची फूट. अधिकृत प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये गावचा जमीनदार पाळक सुचवत असे. मंडळीला तो नको असला तरी त्याला माथी मारता येई का, यावर खटले झाले. १८४३ मध्ये सुमारे साडेचारशे पाळक पगार, घर आणि चर्च सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभे राहिले. दोनच वर्षांत हिस्लॉप नागपुरात होते. स्कॉटिश जमीनदाराचा हक्क हा विषय नागपूरकर भोसल्यांच्या राजधानीत कोणाच्या गावीही नसणार. पण तिथल्या पहिल्या मंडळीवर पाटी लागली ती त्या भांडणाची. हिस्लॉप मात्र भांडखोर नव्हते. ते भूगर्भाचे अभ्यासक होते, गोंडांच्या कथागीतांची टिपणे काढणारे होते. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. गोंडांची लिंगोची कथा त्यांच्या कागदांतून १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापून आणली. नागपूरच्या ज्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, ते १८८३ चे. स्कॉटलंडमधली ती फूट १९२९ पर्यंत बहुतांशी सांधली गेली.

चांद्याच्या बाजूला एक विलक्षण प्रसंग घडला. चांदा मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केलेले अलेक्झांडर वूड १९२६ मध्ये नागपूरचे अँग्लिकन बिशप झाले. १९३२ मध्ये इंग्रज धर्मगुरू व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे पुण्याचा ख्रिस्त सेवा संघ मागे ठेवून मैकल डोंगरातल्या गोंडांमध्ये राहायला गेले. एल्विन गांधीजींच्या जवळचे. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला ते तयार नव्हते, आणि शपथेशिवाय त्यांना धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना द्यायला बिशप वूड तयार नव्हते. राजाची शपथ नाकारल्यामुळे जे चर्च जन्मले, त्याच चर्चने तयार केलेला बिशप राजाची शपथ मागत होता. १९३५ मध्ये एल्विननी चर्चच सोडले आणि पुढे मानवशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावले. पंथ कसे फुटतात ते पुस्तकांत शोधण्यापेक्षा हे एक उदाहरण घोळवले तरी पुरे.

७. बाप्तिस्मा कधी?

धमतरीचे मेनोनाइट वेगळ्या प्रश्नावरून वेगळे झाले. बाप्तिस्मा, कॅथलिकांच्या बोलीत स्नानसंस्कार, तान्ह्या बाळाला द्यावा का? बहुतेक चर्चे देतात: बाळ ख्रिस्ती कुटुंबात आले, तर देवाची कृपा त्याने मागण्याआधीच त्याला मिळते. १५२५ मध्ये झुरिखच्या काही तरुणांनी म्हटले, विश्वास आधी, बाप्तिस्मा नंतर. जाणत्या वयात माणसाने स्वतः मागावा. त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. नगराच्या दप्तरात जन्म, बाप्तिस्मा आणि नागरिकत्व एकाच धाग्यात होते, म्हणून हे बंड ठरले. १५२७ मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला झुरिखच्या प्रोटेस्टंट सरकारने नदीत बुडवून मारले. पाण्याचा आग्रह धरलास ना, मग घे पाणी, असा त्यातला विखार. पुढे नेदरलँड्समधल्या मेनो सिमन्सच्या नावाने हे लोक मेनोनाइट झाले. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, हे त्यांचे आणखी दोन नेम.

सिरोंच्याच्या मेथॉडिस्टांची कहाणी सौम्य आहे. जॉन वेस्ली हा अठराव्या शतकातला अँग्लिकन पाळक. चर्च थंड पडले आहे असे वाटून तो खाणकामगारांपुढे उघड्या माळावर बोलू लागला, लोकांचे छोटे गट बांधून एकमेकांच्या आयुष्याची विचारपूस करायला लावू लागला. त्याला पंथ काढायचा नव्हता. १७८४ मध्ये अमेरिकेतल्या अनुयायांना पाळकांची गरज पडली, बिशप पाठवीनात, म्हणून वेस्लीने स्वतःच दीक्षा दिली आणि वेगळे चर्च होऊन बसले. उत्साहातून फुटलेल्या पंथांत पुढे विल्यम बूथची मुक्तिफौज आली, १८६५ ची. विसाव्या शतकात पेंटेकोस्टल आले. त्यांचा आरंभ लोक १९०६ च्या लॉस एंजलिसमध्ये दाखवतात, पण पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तसाच उद्रेक १९०५ सालीच झाला होता.

८. नकाशावरची वाटणी

आता शेजाऱ्याच्या उत्तराकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात मिशनांच्या ध्यानात आले, की एकाच गावात तीन चर्चे उघडली तर लोक हसतील आणि पैसाही वाया जाईल. म्हणून प्रोटेस्टंट मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतला. अहमदनगर आणि सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल. कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. नाशिककडे अँग्लिकन. जालन्याला फ्री चर्च. डहाणूकडे चर्च ऑफ द ब्रदरन. अकोला-अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट. समजूत सगळीकडे पाळली गेली असे नाही. नगर जिल्ह्यात अँग्लिकन शिरले तेव्हा बरीच कुरबूर झाली. कॅथलिक आणि मुक्तिफौज तर या करारात नव्हतेच.

परिणाम असा, की मराठी माणसाचा पंथ त्याच्या गावावरून ठरला. मिरजेच्या माणसाने धर्मशास्त्री कॅल्विनचे ग्रंथ वाचून प्रेस्बिटेरियन व्हायचे ठरवले नव्हते. दवाखाना, शाळा, दुष्काळात धान्य किंवा जातीच्या जाचातून सुटका घेऊन जे आले, त्यांच्या चर्चमध्ये तो गेला. ‘आजोबांपासून’ हे उत्तर खरे आहे ते असे.

विचार करणाऱ्या मराठी ख्रिस्त्यांना हे टोचत होतेच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन पद्धतीने झाला, पण तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा अधिकारावरून सतत वाद झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी ख्रिस्ती देशांतली ही पंथांची गर्दी पाहून किती गोंधळायला झाले ते लिहिले, आणि मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाला बांधले नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार टिकला नाही. त्यांची भजने मात्र ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून कितीतरी वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत गेली, आणि गाताना पंथ कोणी विचारत नाही.

९. नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

या दिवशी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले: अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचे आधीच जुळलेले चर्च; बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन वळणाचे मेथॉडिस्ट. हिस्लॉपची मंडळी आणि चांद्याची मंडळी, १६९० पासूनचे स्कॉटिश भाऊबंद, विदर्भात एका छपराखाली आले. स्कॉटलंडमध्ये ते आजही वेगळे आहेत.

जुने पेच कसे सोडवले? बिशप ठेवले, पण वडील आणि मंडळी यांनाही कारभारात अधिकार दिला. तान्ह्याचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती मान्य केल्या. ज्या प्रश्नावर मान्झला बुडवले होते, तो ‘दोन्ही चालतील’ या शब्दांत मिटला. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट वाटाघाटींत शेवटपर्यंत होते आणि ऐनवेळी बाहेर राहिले. १९८१ मध्ये त्यांनी स्वतंत्र मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया केले. म्हणून सिरोंच्याचा मेथॉडिस्ट वारसा आणि चंद्रपूरचा अँग्लिकन वारसा आजही वेगवेगळ्या छत्राखाली आहेत.

१०. मग सामायिक काय?

यादी करण्यापेक्षा एक लग्न ठरवून पाहू. मुलगा चंद्रपूरचा, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. मुलगी बल्लारपूरची, सिरो-मलबार कॅथलिक. मुलाला पुन्हा स्नानसंस्कार घ्यावा लागेल का? नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च आपलाच मानते, मग तो कोणी का दिलेला असेना. दोघांच्या बायबलात नव्या कराराची सत्तावीसच पुस्तके आहेत. जुन्या करारात मुलाच्या प्रतीत एकोणचाळीस, मुलीच्या प्रतीत शेहेचाळीस. येशूने शिकवलेली प्रार्थना दोघांना पाठ आहे. निकेयाच्या परिषदेत पाया घातलेली विश्वासाची कबुली दोन्ही चर्चांत म्हटली जाते. वधस्तंभ, पुनरुत्थान, नाताळ, रविवार, सगळे तेच. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेने की कर्माने, या ल्यूथरच्या मूळ भांडणावरही १९९९ मध्ये लुथरन आणि कॅथलिक यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथॉडिस्टांनीही त्याला दुजोरा दिला.

अडते कुठे? मुलीला अशा लग्नासाठी आपल्या बिशपांची परवानगी लागते, आणि मुले कॅथलिक रीतीने वाढवण्याचा आपल्या परीने प्रयत्न करीन असे वचन द्यावे लागते. म्हणजे बिशप आणि अधिकार हा प्रश्न अजून जिवंत आहे. मारबुर्गचा पंधरावा मुद्दाही जिवंत आहे: कुर्बान्यात मुलाला भाकर सहसा मिळणार नाही, आणि मुलाच्या चर्चने बोलावले तरी मुलीने तिथली घ्यावी, हे तिच्या चर्चला मान्य नाही.

मुलगा धमतरीचा मेनोनाइट असता, तरी त्याचा बाप्तिस्मा कॅथलिकांना चालला असता. पण मुलीला त्याच्या मंडळीत यायचे झाले, तर तान्हेपणीच्या स्नानसंस्कारावर तिथे चर्चा झाली असती. आणि तो मुक्तिफौजेचा असता, तर पेच खरा. मुक्तिफौज बाप्तिस्माच देत नाही, प्रभुभोजनही करत नाही; येशूवर विश्वास तोच, शास्त्र तेच, पण कॅथलिक कायद्याच्या लेखी तो बाप्तिस्मा न झालेला माणूस, म्हणून परवानगी वेगळ्या कलमाखाली मागावी लागते.

लग्नाच्या दिवशी बहुतेक धर्मगुरू यावर एक व्यवहारी तोड काढतात. भाकरीचा विधी त्या दिवशी ठेवतच नाहीत. शास्त्रवाचन, वधूवरांची वचने, अंगठ्या आणि आशीर्वाद एवढ्यावर विधी होतो, म्हणजे अर्धे पाहुणे रांगेत आणि अर्धे बाकांवर, असे दृश्य होत नाही. मग सगळे जेवायला बसतात.